सही माझी, सेवा मुलाची

२००६ च्या जानेवारीत मी सिंगापूरच्या कायम रहिवासाचा, म्हणजे इथले सगळे भारतीय ज्याला नुसते 'पीआर' म्हणतात त्याचा, अर्ज भरायला बसलो, तेव्हा माझा मुलगा साडेसहा वर्षांचा होता आणि पुढचे दोन दात पडल्यामुळे त्याला 'स' नीट म्हणता येत नव्हता. अर्ज तिघांचा होता. मुख्य अर्जदार मी, आणि माझ्यावर अवलंबून असलेले म्हणून पत्नी आणि मुलगा. त्या कागदांमध्ये एक मजकूर असा होता की, पालकाच्या आधाराने पीआर मिळालेला मुलगा वयात आल्यावर नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेला, पात्र ठरतो याची पालकांना कल्पना आहे. खाली सही माझी होती.

मराठीत 'पात्र' म्हटले की काहीतरी पदरात पडणार असे वाटते: शिष्यवृत्तीला पात्र, बढतीला पात्र. इथे तो शब्द 'दंडास पात्र' या प्रयोगातल्या अर्थाने वाचायचा असतो, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

नियम तसा सरळ आहे. सिंगापूरचे सर्व पुरुष नागरिक आणि पीआर असलेले पुरुष या सेवेला बांधलेले असतात. कुशल व्यावसायिक म्हणून स्वतःच्या नोकरीच्या बळावर ज्याला पीआर मिळाला तो मुख्य अर्जदार 'पहिल्या पिढीचा' समजला जातो आणि त्याला सूट असते. पण आईवडिलांच्या अर्जातून ज्या मुलाला पीआर मिळाला तो 'दुसऱ्या पिढीचा', आणि त्याला सूट नाही. मुलींना सेवा नाही. म्हणजे आमच्या घरात तिघांच्या हाती एकाच रंगाचे ओळखपत्र येणार होते आणि सेवा फक्त त्याच्या वाट्याला येणार होती ज्याला अर्ज म्हणजे काय हेही कळत नव्हते. ज्या सल्लागाराकडून मी कागद तपासून घेतले त्याने तर छातीठोकपणे सांगितले होते की ही भानगड फक्त नागरिकांच्या मुलांना असते, पीआरच्या मुलांना नाही. अर्जातला मजकूर मी स्वतः वाचला नसता तर कदाचित त्याच्यावर विश्वास ठेवला असता.

योगायोग असा की नेमक्या त्याच जानेवारीत इथल्या वर्तमानपत्रांत या सेवेवरून वादळ उठलेले होते. मेल्विन टॅन नावाचे पियानोवादक लहानपणीच संगीत शिकायला इंग्लंडला गेले, सेवा न करता तिकडेच राहिले, ब्रिटिश नागरिक झाले, आणि २००५ मध्ये परतल्यावर न्यायालयाने त्यांना तीन हजार सिंगापूर डॉलर दंड केला. ज्यांची मुले दोन-अडीच वर्षे चिखलात सरपटून आली होती त्या आईबापांना हा दंड फारच हलका वाटला. संरक्षणमंत्री तिओ ची हीन यांनी संसदेत उत्तर दिले आणि कमाल दंड पाच हजारांवरून दहा हजार डॉलरवर नेण्याचे ठरले; तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होतीच. मी ते सगळे वाचले होते. तरीही सही केली. घर विकत घेता येणार होते, शाळेची फी कमी होणार होती, नोकरी गेली तरी महिन्याभरात देश सोडावा लागणार नव्हता, आणि मुलगा अठरा वर्षांचा व्हायला अजून साडेअकरा वर्षे होती. साडेअकरा वर्षांनंतरचे कोणी पाहिले आहे, असा विचार मी केला. यापेक्षा मोठे कारण माझ्याकडे नव्हते, आणि असल्याचा आव आता आणण्यात अर्थ नाही.

या सक्तीमागचे कारण मात्र मला तेव्हाही पटत होते आणि आजही पटते. १९६५ च्या ९ ऑगस्टला हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी होत्या. १९६७ मध्ये कायदा झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये पूर्ण वेळ सेवेसाठी सुमारे ९०० तरुणांची पहिली तुकडी दाखल झाली. भारतासारख्या देशात इच्छेने भरती होणाऱ्यांची रांग संपत नाही, म्हणून आपल्याला सक्तीची गरज कधी पडली नाही. आपल्या राज्यघटनेतही बोलावणे आल्यास राष्ट्रसेवा बजावणे हे मूलभूत कर्तव्यांच्या यादीत आहे, पण ते बोलावणे आपल्यापैकी कोणाच्या घरी पोस्टाने आलेले नाही. इथे ते येते.

पहिली चाहूल मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा मिळाली. २०१२ मध्ये सांगलीला माझ्या आईचे मोठे आजारपण निघाले. पत्नीने मुलाला घेऊन वर्षभर तिकडे राहावे आणि त्याला तिथल्याच शाळेत घालावे असा बेत होता. चौकशी केली तेव्हा कळले की त्या वेळच्या नियमानुसार तेरा वर्षांपुढच्या मुलाला तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ परदेशी राहायचे असेल तर एक्झिट परमिट काढावे लागते, आणि दोन वर्षे किंवा जास्त राहायचे असेल तर त्यासोबत हमीही द्यावी लागते: किमान ७५ हजार सिंगापूर डॉलर किंवा आईवडिलांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाची निम्मी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल ती. आमचा मुक्काम वर्षाचा असल्याने हमीची वेळ येणार नव्हती आणि परमिटही सहज मिळाले असते. पण तेरा वर्षांच्या मुलाने आजीकडे जाण्यासाठी संरक्षण खात्याला विचारायचे, ही गोष्ट माझ्या आईला समजावून सांगताना मला शब्द सापडेनात. अखेर पत्नी एकटीच गेली.

त्यानंतरची तीन वर्षे आमच्या घरात एकच विषय अधूनमधून डोके वर काढत असे, आणि तो म्हणजे मुलाचा पीआर सोडून द्यावा काय. हा मार्ग खुला असतो आणि अनेक कुटुंबे तो घेतात. मुलगा इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत होता. त्याच्या वर्गातल्या तीन-चार घरांनी तो विचार उघडपणे बोलून दाखवला होता. पीआर सोडायचा, बारावीनंतर पुण्याला किंवा अमेरिकेला जायचे, आणि विषय संपला. पण तो तसा संपत नाही. सेवा न करता पीआर सोडणाऱ्या मुलाने पुढे कधी सिंगापूरमध्ये शिकायला किंवा नोकरीला यायचे म्हटले तर त्या अर्जावर याचा प्रतिकूल परिणाम होतो, हे अधिकृतपणे सांगितलेले आहे. आईवडिलांच्या परतीच्या परवान्याचे, ज्यावर पीआरचे सगळे अस्तित्व टिकून असते, नूतनीकरण करतानाही ही गोष्ट विचारात घेतली जाऊ शकते. मी कागदावर दोन रकाने आखून नफातोटा मांडला. पत्नीने तो कागद वाचला आणि विचारले, "यात त्याचं काय मत आहे ते कुठे लिहिलंय?"

त्याला विचारले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याचे उत्तर अगदीच साधे निघाले. आमच्या इमारतीखालच्या मैदानात तो ज्यांच्याबरोबर फुटबॉल खेळत असे ती सगळी मुले, मलाय, चिनी, तमिळ, सेवेला जाणार होती. कोणाचा मोठा भाऊ आत होता, कोणाचा नुकताच सुटून आला होता. "मी एकटाच पळून गेलो तर परत आल्यावर त्यांना काय सांगू?" एवढेच तो म्हणाला. मला त्यात देशभक्ती दिसली नाही आणि ती असावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. पारपत्र भारताचे आणि मित्र सिंगापूरचे, अशा मुलाचे हे उत्तर होते.

साडेसोळा वर्षे पूर्ण होताच, २०१५ च्या शेवटी, नोंदणीची सूचना आली. नोंदणी संगणकावरून करायची असते आणि अर्ध्या तासात होते. आधीच्या आजारांची माहिती मात्र तपशीलवार द्यावी लागते, आणि तिथे आमचा खरा पेच सुरू झाला, कारण मुलाला लहानपणी दमा होता. अकराव्या वर्षापर्यंत त्याच्या दप्तरात फवाऱ्याचे औषध असे. चौथ्या वर्षी तर सांगलीच्या मुक्कामात त्याला रात्रीत इस्पितळात हलवावे लागले होते.

ही बातमी गावी पोहोचताच नातेवाइकांना हायसे वाटले. आत्याचा फोन आला की, "दमा आहे ना, मग सुटला!" माझ्या थोरल्या भावाने एकुलत्या एका मुलाला सूट असेलच असे गृहीत धरले होते, ती तशी इथे नाही. वडील माळकरी. त्यांनी विचारले, हत्यार हाती धरणार नाही असे धर्मासाठी म्हटले तर चालते का. त्यांना सांगावे लागले की इथे सद्सद्विवेकाच्या किंवा धर्माच्या कारणाने नकार देण्याची सोय नाही, आणि यहोवाज विटनेस पंथाची जी मुले नकार देतात ती लष्करी कोठडीत जातात. इथल्याच एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सुचवले की तपासणीच्या आधी दोन-तीन महिने मुलाने पुन्हा फवारा सुरू करावा आणि डॉक्टरांकडे चार खेपा घालून कागद तयार ठेवावेत. त्या रात्री मी झोपलो नाही, हे कबूल केले पाहिजे. सल्ला मी मानला नाही, पण तो ऐकताना मला राग आला नव्हता.

मुलाचे उलटेच होते. त्याला दमा लपवायचा होता. दम्याची नोंद झाली की आपल्याला कचेरीत बसवतील, ही त्याची धास्ती होती. इथल्या दमट उन्हात पाठीवर ओझे घेऊन चालताना धाप लागली आणि कोणालाच काही माहीत नसले तर काय होईल, हे त्याच्या आईने त्याला तासभर बसवून सांगितले. अखेर सगळे खरे लिहिले. सांगलीच्या इस्पितळाचे हाताने लिहिलेले, घडीवर फाटलेले डिस्चार्ज कार्डसुद्धा जोडले.

वैद्यकीय तपासणी डेपो रोडवरच्या केंद्रीय मनुष्यबळ तळावर, म्हणजे 'सीएमपीबी'त झाली. मी दारापर्यंत सोडायला गेलो होतो. आतली हकीकत त्याने नंतर सांगितली. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, उंची-वजन, दृष्टी, रंगांची ओळख, दात, बंद पेटीसारख्या खोलीत बसवून कानांची परीक्षा, आणि संगणकावर बुद्धिमापनाची लांबलचक चाचणी. शेवटी डॉक्टर सगळे कागद चाळून प्रश्न विचारतात. या सगळ्यातून शारीरिक पात्रतेची श्रेणी ठरते, जिला इथे 'पेस' म्हणतात. ए आणि बी या गटांतली मुले लढाऊ कामांपर्यंत जाऊ शकतात, सी आणि ई या गटांना हलके प्रशिक्षण आणि साहाय्यक किंवा कचेरीची कामे मिळतात, डी म्हणजे निर्णय तूर्त राखून ठेवलेला, आणि एफ म्हणजे कोणत्याच सेवेस योग्य नाही. खरी वैद्यकीय सूट म्हणतात ती या एका एफ अक्षरात आहे. बाकी सगळ्या श्रेणी कामाचे स्वरूप बदलतात, सेवा चुकवत नाहीत. नातेवाइकांना ही गोष्ट मला किमान पाच वेळा समजावून सांगावी लागली: लष्करात दमेकरी मुलाचे काय काम, असे ते विचारत, आणि भांडार सांभाळायला, गाड्यांच्या नोंदी ठेवायलाही माणसे लागतातच, असे मी सांगत असे.

आमच्या मुलाला आधी डी मिळाला आणि सरकारी रुग्णालयातल्या छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवले गेले. तिथे फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी झाली आणि मग एक औषध वाढत्या मात्रेत हुंगवून श्वासनलिका किती आकसतात ते पाहिले गेले. निकाल यायला काही आठवडे लागले. त्या आठवड्यांत मी काय इच्छीत होतो हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. आपल्या मुलाचे फुप्फुस निरोगी निघावे असे कोणत्या बापाला वाटणार नाही? पण अहवालात थोडा दोष निघाला तर बरे, असेही मनात येत होते, आणि असे मनात येते याची लाजही वाटत होती. निकाल चांगला आला. श्रेणी बी गटातली मिळाली. अगदी वरची नाही, पण मूलभूत प्रशिक्षण इतर मुलांबरोबरच करायचे होते. ए आणि बी-१ श्रेणीतली जी मुले शारीरिक क्षमतेची चाचणी ठरावीक दर्जाने उत्तीर्ण होतात त्यांना दोन वर्षांतून आठ आठवड्यांची सवलत मिळते. ती आम्हाला लागू नव्हती.

याच सुमारास पत्नीचे मामा आमच्याकडे राहून गेले. मामा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ही सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "आमच्याकडे पोरं पहाटे चारला उठून १६०० मीटरचा सराव करतात, छाती अर्धा इंच कमी भरली तर मैदानात रडतात. आणि तुमच्याकडे नापास व्हायला डॉक्टर शोधतात होय?" मी त्यांना म्हटले की तिथे नोकरी आहे, पेन्शन आहे, गावात मान आहे, इथे दोन वर्षांचा भत्ता आहे आणि मग शिक्षण दोन वर्षे मागे. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटले असावे असे वाटत नाही.

शिक्षणाचा प्रश्न निराळा होता. बारावीपर्यंत सेवा पुढे ढकलण्याची परवानगी मिळते, पदवीसाठी मिळत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ स्कूलिंगने रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत सिंगापूरसाठी पहिले सुवर्णपदक जिंकले, आणि त्याला सेवेतून सूट मिळाल्याचे कोणीतरी गावी वाचले. ती सूट नव्हती. त्याची सेवा पुढे ढकलली होती, आणि तीही जागतिक दर्जाच्या मोजक्या खेळाडूंसाठी. सेवा माफ होणे आणि ती पुढे जाणे यांतला हा फरक दुरून पाहणाऱ्यांना दिसत नाही. ज्याच्या मुलाचे नाव यादीत असते त्याला दुसरे काही दिसत नाही. इथली विद्यापीठे मात्र एक चांगली गोष्ट करतात: प्रवेश मिळालेल्या मुलाची जागा सेवा पूर्ण होईपर्यंत राखून ठेवतात. २०१७ मध्ये बारावीच्या निकालानंतर त्याला अभियांत्रिकीची अशी जागा मिळाली आणि पुण्याचा विषय कायमचा मिटला.

२०१७ च्या जुलैमध्ये तो दाखल झाला. त्या वर्षी या सेवेला पन्नास वर्षे झाल्याचे फलक शहरभर लागलेले होते. दाखल होण्याच्या दिवशी आईवडिलांनाही सोबत नेतात. चांगीच्या लष्करी धक्क्यावरून बोटीने तेकोंग बेटावर गेलो. मुलांची राहण्याची खोली, लोखंडी खाटा, कपाटे दाखवली. मग भोजनगृहात मुलांबरोबर जेवायला बसवले. शाकाहारी जेवण वेगळे मिळते याची खात्री पत्नीने स्वतः काउंटरवर जाऊन केली आणि तिथूनच सासऱ्यांना फोन लावून सांगितली. नंतर एका सभागृहात पाच मिनिटे निरोपासाठी दिली. मुलांना रांगेत घेऊन गेले, आणि आम्ही पालक परतीच्या बोटीकडे निघालो. बोटीत कोणी फारसे बोलत नव्हते. माझ्या शेजारी एक चिनी गृहस्थ होते. ते स्वतः ऐंशीच्या दशकात अडीच वर्षांची सेवा करून आलेले. त्यांनी मला सहज विचारले की मी कोणत्या तुकडीत होतो. मला सूट होती असे मी सांगितले. ते हसून म्हणाले, "लकी." त्यानंतर मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्याच महिन्यात भारताच्या पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सांगितले की सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, मिळेल. तोवर परदेशी सैन्यात काम केलेल्यांना ते कार्ड न देण्याच्या नियमाचा फटका इस्राएलमधल्या आपल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींना, लोद-दिमोनाकडे अजून घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना, बसत होता. आमच्या मुलाचे पारपत्र तेव्हा भारतीयच असल्याने प्रश्न लगेचचा नव्हता, पण ती बातमी मी कापून ठेवली.

प्रशिक्षणाबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे थोडे आहे, कारण ते त्याने केले, मी नाही. नऊ आठवड्यांनी २४ किलोमीटर चालून मुले पहाटे मरीना बेच्या तरंगत्या मंचावर आली, टोप्या हवेत उडाल्या, आणि त्या गर्दीत मला मुलगा ओळखू आला नाही. त्याच्या आईला आला. फवारा त्याला दोन वर्षांत एकदाही लागला नाही. पुढे त्याला वाहतूक विभागात काम मिळाले. लढाऊ तुकडीत जाता आले नाही याची खंत त्याला काही महिने होती, आणि ती आम्ही घरात कधी बोलून दाखवली नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये तो सुटला आणि ऑगस्टमध्ये विद्यापीठात गेला. सेवा तिथे संपत नाही: त्यानंतर दहा वर्षांच्या चक्रात वर्षाला ४० दिवसांपर्यंत बोलावणे येऊ शकते, आणि बंधन अधिकारी नसलेल्यांना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत असते. परतीच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी आम्ही तिघांचे कागद एकत्र काढले, तेव्हा त्याच्या कागदांत सेवा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र होते.

२०२० च्या जूनमध्ये त्याला एकवीस वर्षे पूर्ण झाली. काही दिवसांनी त्याने जेवताना सांगितले की नागरिकत्वाचा अर्ज करायचा विचार आहे, आणि ते मिळाले तर भारताचे पारपत्र परत करावे लागेल. पत्नीने विचारले की आजोबांना सांगितलेस का. त्याने सांगितले होते, आमच्या आधी. अर्ज त्याने आपल्या खोलीत बसून संगणकावर भरला. मी एकदा दारात जाऊन विचारले की माझी कुठे सही लागणार आहे का. तो म्हणाला, "नाही बाबा, या वेळी नाही."